मुळी थोरल्याची, वेल धाकट्याचा

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा भांड्याकुंड्यांपर्यंत सगळं नीट निभावलं. घोळ झाला तो दोनच गोष्टींचा, शिडीचा आणि द्राक्षाच्या वेलाचा. थोरला गवंडी, धाकटा काचा बसवणारा. शिडीवाचून दोघांचंही काम अडतं आणि शिडी तर एकच. शेवटी इरेला पेटून त्यांनी ती मधोमध कापली. तेव्हापासून दोघांकडे अर्धी अर्धी शिडी आहे आणि ती कुठेच पोचत नाही. आमच्या गल्लीत अजूनही कुणी मूर्खपणा केला की ‘शिडी कापलीस बघ’ असं म्हणतात.

वेल मात्र कापून वाटता येईना. वडिलांनी लावलेली त्याची मुळी थोरल्याच्या अंगणात गेली. वर वाढलेला वेल भिंतीच्या भोकातून पलीकडे शिरलेला होता, तो धाकट्याच्या काचघरात राहिला. काचवाल्याने हे काचघर लोकांनी काढून टाकलेल्या खिडक्या जोडून उभं केलं होतं. एक बाजू जुन्या शाळेच्या खिडक्यांची, छपराला कुणाच्या तरी न्हाणीघराच्या धुरकट काचा, आणि प्रत्येक खिडकीची कडी अजून जागच्या जागी. आत वेल नुसता माजला होता. पाला एवढा की भर दुपारी खाली दिवा लावावा. द्राक्षं धरायची ती वाटाण्याएवढी, आंबटढाण, त्यावर भुरीची पांढरी बुरशी. उघड्या खिडकीतून चिमण्या यायच्या, त्याही एक खाऊन दुसरं खात नसत.

तरी काचवाल्याच्या बायकोचा जीव त्या वेलावर होता. गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. घरातल्या दोन खोल्यांत काचा, लाकडी पट्ट्या आणि काचा पक्क्या करायच्या लुकणाचे डबे यांच्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. तिची म्हणावी अशी एकच जागा होती, वेलाखालचं बाकडं. तिथे ती भाजी निवडायची, रोपं करायची, नवऱ्याचा राग आला तर तिथेच जाऊन बसायची. वेल गेला तर उन्हाळ्यात त्या काचघराची भट्टी झाली असती.

आणि वेल जायची वेळ आली होती. थंडी पडून पानं गळाली तशी एका सकाळी गवंडी अंगणात उभा राहून बायकोला म्हणाला, “अगं, त्याला सांग.”

तो म्हणजे धाकटा भाऊ. छातीएवढ्या भिंतीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर उभा होता. पण शिडी कापल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नसत.

“त्याला सांग, गेल्या पावसाळ्यात माझी निम्मी सिमेंटची पोती भिजून दगड झाली. येत्या पावसाच्या आत खोली बांधायची आहे. जागा एकच आहे, मुळीची.”

काचवाला आपल्या बायकोकडे बघत म्हणाला, “त्यांना म्हणावं, वेल वडिलांनी लावलाय.”

“त्याला म्हणावं, वडिलांनी लावला तो द्राक्षं खायला. पाला खायला आपल्याकडे बकरी नाही.”

दोन्ही जावा आपापल्या नवऱ्याशेजारी गप्प उभ्या होत्या. निरोप पोचवायची गरजच नव्हती, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. पण मग धाकटीला राहवलं नाही.

“भावजी, एक हंगाम द्या. यंदा चांगली द्राक्षं आली तर?”

गवंडी तोंडाचा फटकळ, पण शब्दाचा पक्का. त्याने मान खाजवली. “चांगली म्हणजे, फळवाल्याने दुकानात पुढे मांडावा असा घड. एकच दाखव. मुळीला हात लावणार नाही. नाही दाखवलास तर पावसाआधी खणून काढणार. आणि हो, माझ्या अंगणातून ये-जा करायची नाही. इथे वाळू चाळून ठेवलेली असते.”

“मग मुळीला पाणी कुठून घालू?”

“ते तू बघ,” गवंडी म्हणाला आणि थापी धुवायला गेला.

धाकटीने त्यावरही तोड काढली. भिंतीच्या ज्या भोकातून वेल आत यायचा त्याच भोकातून तिने एक रबरी नळी बाहेर सोडली. काचघरात बसून दीराच्या अंगणात पाणी घालायचं. नळीच्या तोंडाला फनेल लावून ती उकिडवी बसायची तेव्हा पलीकडून जाऊबाई बघून हसायची. धाकटीचे कान तापायचे, पण ती फनेल सोडायची नाही.

बाजारात रोपं विकणारी एक बाई होती, आवाजाने अख्खा बाजार हलवणारी. धाकटीने तिला वेलाचं गाऱ्हाणं सांगितलं.

“कधी छाटलास?” रोपवालीने विचारलं.

“छाटला नाही कधी. जीव होत नाही.”

“मग बस पाला मोजत! अगं, लाडावलेला वेल आहे तो. मधलं एक खोड ठेव. बाजूची प्रत्येक काडी फुटव्याचे दोन डोळे राखून उडव. आत्ताच, थंडीत, तो झोपलाय तोवर. जागा झाल्यावर कापलास तर जखमेतून पाणी गळत राहील. आणि नवऱ्याला मदतीला घेऊ नकोस, पुरुषांचा हात आखडतो.”

हे शेवटचं अगदी खरं निघालं. दिवसभर काचेवर हिऱ्याची लेखणी फिरवून कटकन तुकडा पाडणारा माणूस, पण वेलाला कात्री लागली तसे काचवाल्याने डोळे मिटून घेतले.

“ही तरी राहू दे. केवढी लांब गेली आहे!”

“लांब जाऊनच वाया गेली,” धाकटी म्हणाली आणि काडी तोडली.

अर्ध्या शिडीवर चवड्यांवर उभी राहून ती दोन दिवस छाटत होती. मान अवघडली, तळहाताला फोड आले, केसांत सालपटं अडकली. जुनी साल खरवडली तर खाली रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणांची पांढरी वस्तीच निघाली. लुकण साफ करायच्या ब्रशने तिने ते सगळं घासून काढलं. शेवटी काचघरात उरलं ते एक उघडंबोडकं खोड आणि त्यावर दोन्ही बाजूंना खुंट्यांसारखी बोटभर टोकं. गल्लीतले लोक काचेला नाक लावून बघून गेले. ‘मेला बिचारा’ एवढंच म्हणाले. काड्यांचा ढीग बघून जाऊबाई भिंतीवरून म्हणाली, “जळण तरी झालं. टाक इकडे.” धाकटीने भारे बांधून पलीकडे टाकले आणि आत जाऊन रडून घेतलं. आपणच वेल मारला असं तिला मनापासून वाटत होतं.

रोपवालीने आणखी एक युक्ती सांगितली होती. डोळे फुटेपर्यंत खोडाचा शेंडा दोरीने खाली ओढून बांधायचा, म्हणजे सगळा जोर वर न पळता खालच्या डोळ्यांनाही मिळतो. तसा तो वाकवून बांधला होता, जणू कुणापुढे खाली मान घालून उभा. ऊन वाढायला लागलं आणि एका सकाळी काचवाला दात घासता घासता ओरडला, “अगं ये! लवकर ये!”

तळापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक खुंटीवर गुलाबी कापसासारखा डोळा उघडला होता. धाकटीने नवऱ्याच्या हातातला तांब्या घेतला, जमिनीवर ठेवला आणि नवऱ्यालाच मिठी मारली. शाळेच्या खिडक्यांतून सगळं दिसत होतं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग कामाला उसंत राहिली नाही. एका खुंटीवर एकच फुटवा, बाकीचे खुडायचे. घडाच्या पुढे दोन पानं राखून शेंडा मोडायचा. सकाळी कड्या काढून खिडक्या उघडायच्या, ऊन कललं की लावायच्या. फुलोरा आला तो मोहरीएवढा, हिरवा, दिसता न दिसता. खिडक्या उघड्या असल्या तरी काचघरात ना वारा खेळायचा ना माशी फिरकायची, म्हणून काचवाला दुपारी जेवायला घरी यायचा आणि आपला मऊ ब्रश घेऊन एकेका फुलोऱ्यावरून हळूच फिरवायचा. त्याच्यासोबत काम करणारे विचारायचे, घरी एवढी काय घाई असते? तो सांगायचा, द्राक्षांची लग्नं लावायची असतात.

मणी धरले. आता प्रत्येक फुटव्यावर एकच घड ठेवून बाकीचे काढायचे होते. धाकटी काळीज घट्ट करून काढत होती, तोच भिंतीवरून किंकाळी आली.

“अगं वेडी का खुळी! एकच घड दाखवायचाय आणि तू आलेले घड फेकून देतेस?”

“जाऊबाई, सगळे ठेवले तर सगळेच वाटाणे होतील.”

“आणि हे काय करतेस?”

“घडातले मणी विरळ करते. निम्म्याहून जास्त काढायचे. नाहीतर एकमेकांना चेंगरून सडतात.”

जाऊबाई बघत राहिली. ती शिवणकाम करायची. कात्री चुकीची धरलेली तिला बघवत नसे, मग ती कुणाचीही असो. हात वर करून करून धाकटीचे खांदे भरून आले होते, कात्री भलत्याच मण्याला लागत होती. थोड्या वेळाने जाऊबाई भिंतीवर चढून, ढोपर खरचटून घेत अलीकडे उतरली. हातात तिची टोकदार कात्री होती.

“सरक. कात्री अशी धरतात का? अंगठा आत.”

“हात नका लावू मण्यांना! वरचा पांढरा लेप पुसला जातो.”

“मग धरू कशाने, दातांनी?”

धाकटीने तिला टोकाला बेचक्यासारखं दुबेळकं असलेली एक काडी दिली. घड काडीने उचलायचा, आतला मणी कात्रीने टिपायचा. जाऊबाईच्या हाताला ते असं जमलं की टाके उसवावेत तसे मणी टपटप गळू लागले. वाटणी झाल्यापासून ती पहिल्यांदाच या बाजूला आली होती. दोघी वर मान करून, तोंडावर हिरवे मणी झेलत, घामाने निथळत काम करत होत्या आणि नवऱ्यांची उणीदुणी काढत होत्या. एकीने सांगावं, आमचे घोरतात. दुसरीने सांगावं, आमचे झोपेत काचा मोजतात. हसू आवरेना. एकदा जाऊबाई हसताना अर्ध्या शिडीवरून घसरून रोपांच्या कुंडीत जाऊन बसली आणि तिथेच बसून पुन्हा हसली.

“ह्यांना सांगू नकोस हं मी आले होते ते,” जाताना ती म्हणाली. मग ती रोज येऊ लागली.

उन्हाळा चढला. मणी टपोरे झाले, पारदर्शक झाले, आणि एका बाजूने जांभळी झाक यायला लागली. धाकटी रोज सकाळी उठून आधी काचघरात जायची. आता महिनाभरात खायला येतील असं रोपवालीने येऊन बघून सांगितलं होतं.

आणि तेव्हाच मणी तडकायला लागले. आधी एका घडात दोन, दुसऱ्या दिवशी तीन घडांत. चांगला टच्च भरलेला मणी, पण देठाजवळ उभी चीर, आणि चिरेतून रस. मुंग्या लागल्या. धाकटीने फुटलेला मणी नवऱ्यापुढे धरला.

“रोग असेल,” काचवाला म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

रोपवालीने दुरूनच निदान केलं. “रोग कसला! पाणी जास्त होतंय. मुळी प्यायली की मणी फुगतो, साल पुरत नाही. पाणी तोड.”

धाकटीने नळी उचलून ठेवली. तरी तडकणं थांबेना. तिने जाऊबाईला सांगितलं तेव्हा जाऊबाईने जीभ चावली.

“अगं, मी पण घालते थोडं. भांडी विसळलेलं पाणी. तुझ्या त्या नळीने काय होणार, बोटभर धार! मला वाटलं तहानेने मरतोय.”

“जाऊबाई!”

“अति तिथे माती झाली गं. आता कानाला खडा.”

दोघींनी पाणी बंद केलं. मणी तडकतच राहिले. मोठे, पुढे मांडण्याजोगे घड आता मोजकेच उरले होते. धाकटीला रात्री झोप लागेना.

सुट्टीचा दिवस होता. सकाळी दोघी काचघरात फुटलेले मणी टिपत होत्या, इतक्यात भिंतीपलीकडे बादलीची कडी वाजली. धाकटीने वेलाच्या भोकाला डोळा लावला. तिला दोन अनवाणी पाय दिसले, टाचांच्या भेगांत चुना बसलेले. आणि आवाज आला, हळू, लहान मुलाला समजवावं तसा.

“पी. पी रे बाबा. आता मेलास तर लोक माझ्या नावाने खडे फोडतील. म्हणतील, थोरल्याने तहानेने मारला. खणून काढेन तर उजळ माथ्याने काढेन, असा उपाशी नाही मारणार.”

आणि त्याने अख्खी बादली मुळीवर ओतली.

जाऊबाईने धाकटीला बाजूला ढकलून स्वतः डोळा लावला. “हे रोज कामाला जायच्या आधी अंगणात काय करतात ते आज कळलं,” ती कुजबुजली.

तेवढ्यात भिंतीवर खसफस झाली. काचवाला पाणी भरलेली झारी घेऊन भिंतीवरून पलीकडे उतरत होता. रोज भाऊ कामाला गेल्यावरच तो हे करायचा, आज सुट्टी आहे हे विसरला होता. एक पाय भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि खाली रिकामी बादली घेतलेला दादा.

झारी कलंडून पाणी भिंतीवर सांडलं.

“गाढवा,” गवंडी म्हणाला, “तू पण घालतोस?”

“तू घालतोस?” काचवाला म्हणाला. “तू तर मुळी काढणार होतास!”

“म्हणून काय पाणी घालायचं नाही? आणि तुझी बायको नळीने घालत होती ते काय कमी होतं?”

“रोपवालीचं मला पटलंच नाही. वाटलं, ते पाणी पुरत नाही.”

“मलाही तेच वाटलं.”

आत दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या, धाकटीच्या डोळ्यांतून तर पाणी वाहत होतं. शेवटी जाऊबाईने भोकाला तोंड लावून ओरडून सांगितलं, “दोघेही बोलताय, लक्षात येतंय का?”

इतक्या वर्षांनी आपण बायकांमार्फत न बोलता थेट बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं होतं, आणि आता पुन्हा गप्प बसणं फारच विचित्र दिसलं असतं.

“उतर खाली,” गवंडी म्हणाला. “पडशील.”

त्या दिवशी धाकटी पहिल्यांदा दीराच्या अंगणातून वाळू तुडवत मुळीपाशी गेली. भावजी बाजूला सरकून उभे राहिले. माती नव्हतीच तिथे, चिखल होता. बोट घातलं तर कोपरापर्यंत जाईल असा.

“आजपासून पाणी फक्त मी घालणार,” ती म्हणाली. “कुणी तांब्याभरही घातलं तर बघा.”

“ऐकलंस?” गवंडी भावाला म्हणाला.

“तुम्हालाही सांगतेय, भावजी.”

गवंड्याने मुकाट्याने कुदळ घेतली आणि मुळीच्या बाजूने चर खणून पाणी वाहून जायला वाट केली. सिमेंटची रिकामी पोती मुळीभोवती अंथरली. काचवाल्याने सगळ्या कड्या काढून काचघर उघडं टाकलं. जाऊबाईने फुटलेला एकेक मणी टिपून काढला, चांगल्याला धक्का न लावता. तडकणं कमी झालं, मग थांबलं. उरलेले घड काळेभोर पिकले, त्यांच्यावर पहाटेच्या धुक्यासारखा पांढुरका लेप चढला. एवढे जड की त्यांना कापडी पट्ट्यांचे झोळे करून आधार द्यावा लागला. गल्लीतले तेच लोक पुन्हा काचेला नाक लावून उभे राहू लागले.

आभाळात ढग दिसायला लागले तसा एका संध्याकाळी गवंडी काचघरात आला. दारातच त्याला वाकावं लागलं, कारण घड डोक्याला लागत होते. प्रत्येकाखाली उभा राहून त्याने वर बघितलं. धाकटी कात्री हातात घेऊन उभी होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

“हा,” तो म्हणाला. तिने देठ कापून सगळ्यात मोठा घड त्याच्या ओंजळीत ठेवला. त्याने एक मणी तोडला, खाल्ला, बिया हातात घेतल्या.

“बिया आहेत,” तो म्हणाला.

“असतात, भावजी.”

त्याने बिया खिशात टाकल्या. घड कागदात गुंडाळला आणि फळवाल्याच्या दुकानाकडे निघून गेला. अंधार पडल्यावर परतला तेव्हा हात रिकामे होते. जाऊबाईने खोदून खोदून विचारलं, पण हूं का चूं नाही. सिमेंटची नवी पोती दुपारीच येऊन पडली होती.

सकाळी धाकटीला जाग आली ती कुदळीच्या आवाजाने. अनवाणीच धावली. मागोमाग काचवाला. भिंत कशी ओलांडली ते तिला कळलंही नाही.

मुळी जागेवर होती. पोती अंथरलेली तशीच होती. गवंडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पाया खणत होता, आणि जाऊबाई कंबरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी होती.

“माझा सगळा उजेड जाईल! खिडकीसमोरच खोली सुचली?”

“मग कुठे बांधू?” गवंडी म्हणाला. “तिकडे मुळी आहे.”

धाकटी तिथेच वाळूच्या ढिगावर बसली. तिला हसू येत होतं आणि बोलता येत नव्हतं.

“दादा,” काचवाल्याने विचारलं, “नव्या खोलीच्या छपराला काच बसवून देतो, उजेड येईल वहिनींना. पण घड विकला का फळवाल्याने?”

“मांडला होता त्याने. सगळ्यात पुढे. एका बाईने उचलून भाव विचारला.”

“मग?”

“मग काय! तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, आमच्या घरचा आहे, विकायचा नाही.”

जाऊबाई खिडकीचं विसरली. मग काचवाल्याला काहीतरी आठवलं.

“पण रात्री तू मोकळ्या हाताने आलास. अख्खा घड एकट्याने खाल्लास?”

गवंड्याने कुदळ उचलली आणि खाली बघत पुन्हा खणायला लागला.

“रस्ता लांब होता,” तो म्हणाला.